वाल सोसत नाही

आमच्या विहारात दर रविवारी वंदना झाली की सगळे दोन मिनिटं डोळे मिटून शांत बसतात. माझी पंचाईत नेमकी त्याच दोन मिनिटांत होते. पंखा बंद, पोरं बाहेर हाकललेली, बायांच्या बांगड्यासुद्धा गप्प, आणि तेवढ्यात माझ्या छातीतून बारीक आवाज यायला लागतो. टिक, टिक, टिक. मागच्या महिन्यात शेजारच्या क्वार्टरमधली नवीन सून माझ्या बाजूला बसली होती. तिनं एक डोळा उघडून माझं एक मनगट पाहिलं, मग दुसरं पाहिलं, आणि कानाशी लागून म्हणाली, "आजी, घड्याळ पिशवीत आहे का? बाहेर ठेवून येऊ का मी?"

"ठेव ना बाई," मी म्हटलं, "पण मग मलेही उचलून बाहेर ठेवा लागन."

माझ्या हृदयात धातूचा वाल आहे. उघडतो, मिटतो, मिटताना वाजतो. ज्या दिवशी तो वाजायचा थांबेल त्या दिवशी मला ते ऐकू येणार नाही, म्हणून त्याची काळजी मी करत नाही. पण त्याच्या आधी त्याच जागी जो वाल होता, आईच्या पोटातून आणलेला, त्याची गोष्ट सांगायची आहे. ती गोष्ट म्हणजे माझ्या शहाणपणाची गोष्ट आहे, आणि माझ्या शहाणपणानं मी आणि माझं पहिलं लेकरू, दोघंही जाता जाता राहिलो.

माझं माहेर करडीकडचं. बारा-तेरा वर्षांची असताना एकदा घसा दुखला, ताप आला, गेला. कोणी मनावर घेतलं नाही. घसा दुखणं म्हणजे चोरून कैऱ्या खाल्ल्याची शिक्षा, एवढंच आमच्या घरचं वैद्यकशास्त्र. दोन-तीन आठवड्यांनी उजवा गुडघा सुजला. रोवणीचे दिवस होते, घरातली सगळी माणसं सकाळपासून चिखलात वाकून धानाचे परे लावत होती. मला घरी ठेवलं. दोन दिवसांनी गुडघा उतरला आणि डावा घोटा सुजला. घोटा उतरला, तर कोपर.

माझी आजी खाटेजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "पोरी, खोटं बोलाचं तं एकच पाय धरून बोल ना वं. काल उजवा, आज डावा. तुह्यं दुखणं का भाड्याच्या घरात राहून राहिलं?"

सगळे हसले. मीही हसले. सगळ्यांत मोठी गंमत अशी, की आठ दिवस तेच ते ऐकून माझंही मत तेच झालं. आपण कामचुकार आहोत, रोवणी टाळायला ढोंग केलं, असं मी मनापासून मान्य केलं. दुखणं सांध्यांतून निघून गेलं. कुठं गेलं ते कोणी विचारलं नाही. ते वर सरकून हृदयात राहायला गेलं होतं, आणि त्या घरातून मात्र ते निघायला तयार नव्हतं.

पुढं मी दहावीपर्यंत शिकले. दहावी पास, असं म्हणत नाही. दहावीपर्यंत, असं म्हणते. हा फरक मी सासरी पंधरा वर्षं कोणाला कळू दिला नाही.

सासर सिहोऱ्याकडचं. सासूला मी मामी म्हणायची. मामी उंच, हडकुळ्या, आणि आवाज असा की त्यांनी बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, एका पाळीवरून हाक मारली की पल्याडच्या म्हशी पाण्यातून बाहेर निघत. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, म्हणून घरात शिकलेली सून आल्याचा त्यांना भारी गर्व. गावात कोणाकडं कागद आला की, "थांबा, माह्यी सून वाचते." विजेच्या बिलापासून खताच्या पोत्यापर्यंत सगळं माझ्यासमोर यायचं. इंग्रजी असलं तरी यायचं. मी कपाळाला आठी घालून ओठ हलवायची आणि मग तोंडाला येईल ते सांगायची. बहुतेक वेळा खरंच निघायचं. खताच्या पोत्यावर दुसरं लिहिलेलं तरी काय असणार?

अंगणात मामींचा वालाच्या शेंगांचा वेल होता. दांडक्यांचा मांडव, त्यावर जांभळी फुलं, खाली गायीला सावली. थंडीत शेंगा लगडल्या की मामी वांगी टाकून, तिखट-लसणाचा रस्सा करून जी भाजी करायच्या, तिच्यासाठी मी माहेरी जायचंही लांबणीवर टाकत असे. आमचे हे एरवी जेवताना काही बोलत नसत. एरवीही काही बोलत नसत. पण त्या भाजीला "हाव, जमली" म्हणायचे.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. तिसरा महिना लागला आणि बोडीची पाळ चढताना मला दोनदा थांबावं लागू लागलं. मामी म्हणाल्या, पहिल्या खेपेस होते. मग घागर उचलली की दम, झाडू मारला की दम, बोललं तरी दम. मी बोलताना थांबते हे पाहून मामी घाबरल्या. मला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. त्या बाहेरच्या बाकावर बसल्या, मी आत.

डॉक्टर पोरगेलासा, बाहेरगावचा, हिंदी बोलणारा. रेडिओवर स्टेशन लागत नाही म्हणून माणूस काटा इकडं-तिकडं फिरवतो, तशी त्यानं नळी माझ्या छातीवर फिरवली. डोळे मिटले. पुन्हा फिरवली. मग विचारलं, "बचपन में घुटने सूजते थे क्या? एक के बाद एक?"

मी म्हटलं, "नहीं."

डॉक्टरनं नेमकं बोट ठेवावं तिथं बोट ठेवलं होतं. पण ते दुखणं तर खोटं होतं, घरात तसा ठराव झालेला! परक्या माणसापुढं आपलं लहानपणचं ढोंग कशाला उघडं करायचं, असा विचार करून मी मान ठामपणे हलवली.

डोक्यावर पंखा घडघडत होता. पडद्यामागं एक लेकरू सुई पाहून असं ओरडत होतं की सुई टोचणाऱ्या बाईही ओरडत होत्या. त्या कल्लोळात डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता म्हणाला, "देखो, दिल का वाल खराब है. नमक कम खाना. भारी काम बंद. नागपूर जाकर दिखाओ, देर मत करना. समझ गई?"

मी ऐकलं, दाल का वाल.

डाळीचा वाल. वालाच्या शेंगा, वालाची डाळ. तोच खराब, म्हणजे तोच बाधतो. पुढं मीठ कमी खा, म्हणजे खाण्यापिण्याचंच चाललं आहे. सगळं एकाला एक जुळत होतं. एकदा विचारलं असतं, "कौन सा वाल, डॉक्टरसाहेब?" तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण दहावीपर्यंत शिकलेली बाई विचारते का? मी म्हटलं, "हां, समझ गई," आणि कागद घडी करून ब्लाउजमध्ये खोचला.

बाहेर मामी उभ्याच राहिल्या. "का म्हणे?"

"वाल सोसत नाही म्हणे मले."

"वाल?"

"हाव. शेंगाही नाही आन डाळही नाही. मीठ कमी."

"एवढंच? आन कागद कायचा?"

मी कागद काढला, आठी घातली, ओठ हलवले. इंग्रजी अक्षरं मुंग्यांसारखी पळत होती. "हेच लिवलं हाय. वाल खाऊ नये. आन वाटलं तं नागपूरले दाखवा."

मामी दवाखान्याच्या दारात कंबरेवर हात ठेवून हसल्या. "शेंगासाठी कोणी नागपूरले जाते का वं? नाही खाल्ल्या, झालं!"

मला ते अगदी पटलं. कागद घरी येऊन ट्रंकेत गेला, लग्नाच्या शालूखाली.

त्या कागदावर काय होतं ते आता मला ठाऊक आहे. लहानपणच्या त्या तापानं माझ्या हृदयातला एक वाल आकसून गेला होता, दारात फट तेवढी उरली होती. पोटातलं लेकरू वाढतं तसं आईचं रक्त वाढतं, आणि वाढलेलं रक्त त्या फटीतून जाईना की ते मागं फुप्फुसात तुंबतं. दिवस भरायच्या आत इलाज केला नाही तर बाळंतपणात आई जायची, आणि आई गेली की लेकरू. हे सगळं ट्रंकेत शालूखाली होतं, आणि वर अंगणात मामी इळा घेऊन मांडवावर चढल्या होत्या.

होय. त्यांनी वेल कापला. ऐन बहरातला, शेंगांनी वाकलेला. मी म्हटलं, "मामी, कापता कायले? मी खात नाही म्हणजे झालं."

"घरात शिजली का वास येते. वास आला का जीव जाते. मले का ठाऊक नाही? माह्या वक्ती मले चिंच वर्ज केली होती, मी झाडाखाली जाऊन चाटून आली होती." आणि खचकन बुंध्यावर इळा मारला.

संध्याकाळी हे शेतातून आले. मोकळ्या मांडवाकडं पाहत उभे राहिले. "वेल कुठं गेला?"

"तुह्या बायकोले सोसत नाही."

"हाव," हे म्हणाले, आणि पाय धुवायला गेले. पण त्या दिवशी त्यांनी पाय बराच वेळ धुतले.

आता माझी खरी लायकी सांगते. ज्या सासूनं माझ्यासाठी लाडका वेल कापला, तिच्या सुनेनं पंधरा दिवसांत मागच्या घरच्या काकीकडं जाऊन, परातीएवढ्या थाळीत वालाची भाजी खाल्ली. भाकर कुस्करून. त्या दुपारी घरी येऊन आडवी झाले आणि छातीवर कोणी पोतं ठेवल्यासारखा दम लागला. उठून बसले की बरं, आडवी झाले की दम. मी मनात म्हटलं, डॉक्टर किती हुशार! खाल्ला, आणि लगेच बाधला. भिंतीला टेकून बसल्या बसल्या मी देवाची नाही, त्या शेंगांची माफी मागितली.

चोरी सांगता येईना, म्हणून दमही सांगता येईना. जास्त झालं की वाटायचं, त्या दिवशीची भाजी अजून अंगात आहे.

पाचव्या महिन्यात खोकला लागला. एक दिवस थुंकीत गुलाबी रंग आला. मी अंगणात थुंकले आणि मामींनी ते पाहिलं. त्या सावकाश माझ्याजवळ आल्या, माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड हुंगलं.

"पान खाऊन राहिली का वं?"

"नाही मामी."

"मंग लाल कायनं?"

"ठाऊक नाही."

"जीभ काढ."

मी जीभ काढली. मामींनी ती उजेडाकडं वळवून पाहिली. जीभ कोरी. त्यांचा विश्वास बसला नाही. त्या दिवसापासून मी मागच्या घरी निघाले की त्या पाठीमागून यायच्या. पान पकडायला यायच्या, पण त्यामुळं माझी वालाची चोरी मात्र बंद झाली. आणि वाल पूर्ण बंद होऊनही दम वाढतच गेला. इथं कोणत्याही शहाण्या माणसाला शंका आली असती. मला आली नाही. मी ठरवलं की आता मिठाचं काहीतरी आहे.

उन्हाळा लागला. सातवा महिना. पाय सुजून चपला आत जाईनात. आमच्या बोडीवर पाण्याची मोटर होती, उन्हाळी धानाला तिचंच पाणी. एक दिवस मोटर नुसती बोंबलत राहिली, पाणी काही येईना. ह्यांनी सिहोऱ्याहून मोटर दुरुस्त करणारा मेकॅनिक आणला. मामी त्याच्यासाठी चहा घेऊन निघाल्या आणि मला म्हणाल्या, तूही ये, सावलीत बस, घरात एकटी राहू नको. पान, दुसरं काय.

मी पाळीवर मोहाच्या झाडाखाली बसले. पाळ चढल्यानं माझा भाता चाललेला. खाली मेकॅनिकनं पाण्यातून पाइप ओढून काढला, टोकाचं लोखंडी बोंडकं खोललं आणि वर ओरडला, "मालक, वाल खराब आहे!"

हे म्हणाले, "हाव."

मला एवढं हसू आलं की सांगता सोय नाही. मी दम घेत घेत वरून म्हटलं, "का भाऊ, मोटारलेही वाल सोसत नाही का?"

मेकॅनिक वर पाहू लागला. "म्हणजे वैनी?"

"मलेही डॉक्टरनं वाल बंद केला ना! शेंगा बंद, डाळ बंद."

"कोण्या डॉक्टरनं?"

"तालुक्याच्या. दाल का वाल खराब है म्हणे."

तो माणूस हसला नाही. हातातलं बोंडकं घेऊन तो पाळ चढून वर आला आणि माझ्यापासून चार हात दूर उकिडवा बसला. माझ्या पायांकडं पाहिलं. माझा दम ऐकला. मग म्हणाला, "वैनी, आठवून सांगा. दाल का म्हणे, का दिल का म्हणे?"

मी दोन्ही शब्द जिभेवर घोळवून पाहिले. दाल. दिल.

"हे पाहा," त्यानं बोंडक्याच्या आतली चामड्याची झडप दाखवली. "हा वाल. पाणी आलं का हा उघडते, गेलं का मिटते. आता हा कडक झाला, एवढासाच उघडून राहिला. वर मोटर मरमर मरून राहिली, तरी पाणी जाईन कुठून? मागंच तुंबन. माह्या भाच्याचा हाच खराब होता. छातीतला. त्याचेही पाय असेच सुजत. लहानपणी त्याचे गुडघे सुजले होते, आज हा तं उद्या तो."

"काल उजवा, आज डावा," मी म्हटलं.

"हाव, तसाच."

मामी चहाची किटली धरून उभ्या होत्या. किटली तिरपी होत होती आणि चहा त्यांच्या पायावर सांडत होता, ते त्यांना कळत नव्हतं. "म्हणजे," त्या म्हणाल्या, "शेंगाचा नाही?"

"नाही मावशी. शेंगाचा काही कसूर नाही."

"आन मी येल कापून टाकला!" मामी मटकन खाली बसल्या. एवढं मोठं संकट समोर, आणि त्यांना पहिला आठवला वेल. मग माझ्याकडं वळून एकदम बोडीपार जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऊठ वं! नाही, उठू नको! बसूनच राहा! अन् तो कागद कुठं हाय?"

"ट्रंकेत."

"काहून?"

"जपून ठेवला," मी म्हटलं.

आमचे हे त्या दिवशी आयुष्यातलं सर्वांत लांब वाक्य बोलले. "मी गाडी पाहून येतो, तुम्ही दोघी तयार राहा, मोटर गेली खड्ड्यात." मेकॅनिकनं आपल्याच ओळखीची जीप आणली. घरून खुर्ची आणून मला तिच्यात बसवलं आणि खुर्चीसकट उचलून पाळीवरून उतरवलं. गावातल्या बायांनी विचारलं, "का झालं?" तर मामी जीपमधून ओरडल्या, "सुनेचा फुटवाल गेला!" मोटारीच्या त्या बोंडक्याला आमच्याकडं फुटवाल म्हणतात. गावानं मान डोलावली. उन्हाळ्यात बहुतेकांचे फुटवाल जातातच.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, काय त्रास? मी बोलायच्या आत मामींनी सांगितलं, "बाईसाहेब, फुटवालची झडप कडक झाली, पुरी उघडत नाही, पाणी मागं तुंबून राहिलं." डॉक्टरीणबाईंनी मामींकडं पाहिलं, मग आपल्या हाताखालच्या शिकाऊ डॉक्टर पोरांकडं पाहिलं. "लिहून घ्या," त्या पोरांना म्हणाल्या. "तुमच्यापैकी एकालाही परवा एवढं नीट सांगता आलं नाही."

मग त्यांनी तो कागद उघडला. वाचला, वरची तारीख पाहिली, आणि त्यांचा आवाज बदलला. "हा तर चार-पाच महिन्यांपूर्वीचा आहे. 'ताबडतोब' लिहिलं आहे याच्यावर. इतके दिवस कुठं होता हा? कोणी वाचला नाही?"

घरातली वाचणारी बाई तिथंच बसलेली होती.

"माह्यी चूक, बाईसाहेब," मामी म्हणाल्या. "मी अडाणी. सून सांगत होती, नागपूरले जा लागते, नागपूरले जा लागते. मीच म्हटलं, शेंगासाठी कायले? माह्या कानानं घोटाळा केला."

डॉक्टरीणबाईंनी मामींना चांगलंच झापलं. मामींनी खाली मान घालून ऐकून घेतलं. ज्या बाईच्या आवाजानं म्हशी पाण्याबाहेर निघत, ती लहान पोरीसारखी उभी होती. आणि मी? मी दहावीपर्यंतची, गप्प बसून होते. मामींनी ती गोष्ट पुढं गावात कधी सांगितली नाही, मलाही कधी ऐकवली नाही. भांडणातसुद्धा नाही. सासू-सुनेच्या भांडणात एवढं हत्यार हाती असून न वापरणं म्हणजे काय, ते ज्या नांदल्या त्यांनाच कळेल.

ऑपरेशन म्हणजे असं होतं, की मांडीतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, आणि आकसलेल्या वालात टोकाचा फुगा फुगवून ती फट मोठी करायची. हे ऐकून मामी म्हणाल्या, "लेकरू अजून व्हायचं हाय, आन फुगा आधीच?"

डॉक्टरीणबाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. म्हणाल्या, धोका आहे, आईलाही आणि बाळालाही. न केलं तर धोका जास्त आहे. सही करा. ह्यांनी सही केली. मामींनी खाली आपलाही अंगठा उमटवला. तिथं त्याची गरज नव्हती, पण मामींना नाही म्हणायची छाती त्या दवाखान्यात एकाचीही झाली नाही.

मला आत नेताना मी पोटावर हात ठेवून होते. आतून एक लाथ बसली. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं असेल? मोठा विचार काही आला नाही. वाटलं, मी मेले तर काकीकडं खाल्लेल्या भाजीचं कबूल करायचं राहून जाईल. मी स्ट्रेचरवरून म्हटलं, "मामी, मी वाल खाल्ला होता. चोरून."

"ठाऊक हाय," मामी म्हणाल्या. "काकीनं त्याच दिवशी सांगतलं. जाय आता."

फुगा फुगला, वाल उघडला. दुसऱ्या दिवशी मी आडवी झोपले, सपाट, चार महिन्यांनी पहिल्यांदा, आणि मला इतकी गाढ झोप लागली की मामींनी दोनदा नाकासमोर बोट धरून पाहिलं. रोवणीच्या दिवसांत नागपुरातच मुलगा झाला. अंगानं बारीक, आवाज आजीचा.

घरी आलो तर अंगणात रिकामा मांडव. मामींनी बाळाला माझ्या मांडीवर दिलं, आत गेल्या, आणि राखेच्या मडक्यातून एक चिंधी काढून आणली. चिंधीत वालाचं बियाणं. कापलेल्या वेलाच्या वाळक्या शेंगा त्यांनी सोलून ठेवल्या होत्या.

"तुमी तं म्हणत होत्या, घरात वासही नको?"

"तुले सोसत नव्हता," मामी खड्डा करत म्हणाल्या. "नातवाले सोसन का नाही, ते का डॉक्टर सांगन?"

घसा पुन्हा बिघडून वाल पुन्हा आकसू नये, म्हणून दर एकवीस दिवसांनी सुई घ्यायची, वर्षानुवर्षं, असं नागपूरला सांगितलं होतं. सुई दुखायची, कंबरेत दगड बसल्यासारखी. मामींना कॅलेंडर वाचता येत नव्हतं, पण बाजार आठवड्याचा असतो आणि तीन बाजार म्हणजे एकवीस दिवस. तिसऱ्या बाजारी त्या भाजीच्या पिशवीसोबत मलाही घेऊन निघायच्या. मी म्हणायची, कंबर दुखते, पुढच्या बाजारी घेऊ. "पुढच्या बाजारी वांगेही घेऊ आन पुढच्या बाजारीच जेवू," मामी म्हणायच्या. एकही तिसरा बाजार त्यांनी चुकू दिला नाही.

मामी गेल्या आणि माझे बाजार मोजणारं कोणी उरलं नाही. मला मोजता येत होतं, दहावीपर्यंत गणित झालं होतं. पण बरं वाटत होतं ना! एक तिसरा बाजार गेला, मग दुसरा, मग मोजणंच राहिलं. चार-पाच वर्षांत पाळ पुन्हा उंच व्हायला लागली. या वेळी फुग्यानं भागलं नाही, छाती उघडून धातूचा वाल बसवावा लागला. आता रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते. भाजी कापताना बोटाला लागलं तर सगळं घर धावतं, आणि दात घासायच्या ब्रशलाही मी घाबरून असते.

त्या ऑपरेशननंतर घरी सोडताना डॉक्टरांनी पथ्याचा कागद दिला. या वेळी मी तो त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेतला, शब्द न् शब्द. पालेभाजी रोज सारख्याच बेतानं, आज डोंगर आणि उद्या उपास असं नको, वगैरे. शेवटी मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, वाल चालते का?"

ते गोंधळले. "आता तर नवीन बसवला ना? चांगला चालतोय."

"तो नाही. शेंगाचा."

"खा की! शेंगांचं काय त्यात?"

मला मामींची इतकी आठवण झाली की मी तिथंच हसत सुटले आणि टाके दुखले.

फुग्याच्या आधी लाथ मारणारा तो मुलगा आता जवाहरनगरला कारखान्यात आहे, आणि मी त्याच्या क्वार्टरमध्ये राहते. मागच्या अंगणात दोरीवर वाल चढवला आहे, त्याच चिंधीतल्या बियाण्याचं बियाणं. त्या रविवारी विहारातून परतताना मी शेजारच्या सुनेला सांगितलं होतं, ये एकदा, घड्याळ दाखवते. ती खरंच आली. दुपार होती, पोरं शाळेत. आम्ही दोघी परातीत शेंगा घेऊन मोडत बसलो. टच, टच. तिनं माझी ही सगळी गोष्ट ऐकली, हसली, डोळे पुसले, मग हात थांबवून कान दिला.

"आजी, आता आवाज येऊन राहिला तो शेंगाचा का तुमचा?"

मीही हात थांबवला. टिक, टिक.

"हा दिलचा," मी म्हटलं. "तू मोड. दालचा वाल अजून अर्धी परात राहिला हाय."